वाकड्या लाकडाचे माप

गावच्या सुताराकडे कुऱ्हाडीचा दांडा करायला टाकला, तर तो काय करतो हे तुम्ही कधी पाहिले आहे का? फूटपट्टी तो क्वचितच हाती धरतो. बाभळीचे लाकूड वाकसाने तासतो, मधूनमधून एक डोळा मिटून दांड्याच्या लांबीवरून नजर टाकतो, मुठीत धरून पाहतो, आणखी दोन घाव घालतो आणि म्हणतो, “झाला!” दांडा हाताला अगदी छान बसतो. पण त्याच सुताराला “आता हुबेहूब असाच दुसरा करून द्या” म्हटले, तर तो जरा विचारात पडेल. पहिल्या दांड्याचे माप त्याच्या डोळ्यांत आणि तळहातात होते. कागदावर ते कुठेच नव्हते.

पेटी, पाट किंवा टेबल यांचे माप घेणे सोपे असते. कडा सरळ, कोपरे काटकोनी. लांबी, रुंदी आणि जाडी हे तीन आकडे सांगितले की फळीचे वर्णन पुरे होते. पण जी वस्तू कुठे फुगलेली, कुठे निमुळती, कुठे वळलेली आहे, तिचे माप कसे सांगायचे? किती आकडे सांगायचे? आणि ते पट्टीने मोजायचे तरी कसे?

हा प्रश्न ज्यांना फार पूर्वीपासून छळत आला, त्या कारागिरांत बंदुकीचे आणि रायफलीचे लाकडी दस्ते करणारे लोक येतात. त्यांनी त्यावर जी साधी साधने शोधली, ती पुठ्ठा, पत्रा, लाकडाची पट्टी आणि दोनचार चुका यांतून होतात. त्यांत लपलेली भूमिती मात्र तुमच्या आठवी-नववीच्या पुस्तकातलीच आहे.

दस्ता कशाला म्हणतात?

एन.सी.सी.त असलेल्यांना रायफलीची ओळख असेलच. पोलादी नळी ज्या लाकडात बसवलेली असते ते लाकूड म्हणजे दस्ता. त्याचे मागचे टोक खांद्याला टेकते, वरच्या कडेवर गाल टेकतो, चापामागच्या निमुळत्या मुठीला उजवा हात धरतो आणि पुढच्या भागाखाली डावा हात असतो. म्हणजे शरीर आणि रायफल यांची गाठ चार ठिकाणी पडते. कारखान्यात तयार होणारा दस्ता सर्वसाधारण बांध्याच्या माणसासाठी असतो; पण कुणाची मान लांब, कुणाचे हात आखूड. म्हणून अमेरिकेत, इंग्लंडात आणि युरोपातील इतर देशांत हौशी नेमबाज आपल्या मापाचा दस्ता करून घेतात. छोट्या छोट्या कार्यशाळांतून हा व्यवसाय चालतो.

(२०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारी कोल्हापूरची तेजस्विनी सावंत किंवा २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातलाच स्वप्नील कुसाळे यांची छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील. आजच्या अशा स्पर्धांतील रायफलींचे दस्ते बहुधा अॅल्युमिनियमचे असतात. स्क्रू फिरवून गालाची उंची, मागची लांबी हवी तशी बदलता येते. लाकडी दस्त्याला असा स्क्रू नसतो. तेथे जे कापले ते कायमचे.)

थोड्याशा फरकाने एवढे काय बिघडते? एक हिशेब करून पाहू. छऱ्याच्या बंदुकीला पुढे नळीच्या टोकावर एक बारीक मणी असतो; मागे नेम धरायला काही नसते. नेम धरणाऱ्याचा डोळा हाच मागचा नेम. डोळा आणि मणी यांत समजा ९० सेंटिमीटर अंतर आहे. दस्त्याची वरची कड ३ मिलिमीटर जास्त उंच राहिली, तर गाल ३ मिलिमीटर वर राहणार आणि डोळाही तेवढाच वर जाणार. लक्ष्य ३६ मीटरवर आहे. ९० सेंटिमीटरला ३ मिलिमीटर, तर ३६ मीटरला किती? समरूप त्रिकोणांचे हे साधे उदाहरण आहे. ३६ मीटर हे ९० सेंटिमीटरच्या ४० पट, म्हणून चूकही ४० पट, म्हणजे १२० मिलिमीटर. आता गंमत पाहा. स्पर्धेत हवेत उडवली जाणारी तबकडी सुमारे ११० मिलिमीटर व्यासाची असते. लाकडात राहिलेल्या ३ मिलिमीटरमुळे छऱ्यांचा मध्य अख्ख्या तबकडीच्या रुंदीहूनही जास्त वर सरकला!

दस्त्याचे मागचे टोक नळीच्या रेषेपासून किती खाली आहे, यालाही महत्त्व आहे. गोळी सुटताना धक्का नळीच्या रेषेत मागे येतो. खांद्याचा आधार मात्र त्या रेषेच्या खाली असतो. या दोन रेषांतले अंतर जितके जास्त, तितकी रायफल वर उसळते. दार उघडताना बिजागरीपासून दूर ढकलले की ते लवकर फिरते, तोच हा परिणाम.

आता लाकडाचा विचार करा. दस्त्यासाठी सर्वांत आवडीचे लाकूड अक्रोडाचे, कारण ते चिवट असते, फार जड नसते आणि एकदा नीट वाळले की सहसा वाकत नाही. काश्मीरच्या नक्षीकामात हेच लाकूड वापरतात. पण ते वाळायला फार वेळ लागतो. मोकळ्या हवेत वाळवायचे तर जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष असा कारागिरांचा ठोकताळा आहे, आणि दस्त्याचा ओंडका अडीच-तीन इंच जाड असतो. त्यातही मुठीजवळ लाकडाचे तंतू मुठीच्या दिशेनेच धावले पाहिजेत, नाही तर धक्क्याने मूठ मोडते. असा ओंडका मिळवायचा, त्यात नळीसाठी खाच कोरायची, दिवसचे दिवस कानस चालवायची, आणि एका संध्याकाळी घाईत दोन मिलिमीटर जास्त उतरवून बसायचे! लाकूड परत चिकटवता येत नाही. म्हणून कानसेच्या प्रत्येक फेरीपूर्वी कारागिराला एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असते: अजून काढू का? हे उत्तर देणारे साधन म्हणजे गेज. फूटपट्टी “किती?” ते सांगते. गेजला आकडा सांगता येत नाही. ते फक्त “हो” किंवा “नाही” म्हणते. घाईच्या वेळी तेवढेच उपयोगाचे असते.

सरळ पट्टी सरळ आहे का?

पहिले साधन म्हणजे सरळ पट्टी. पण पट्टी खरोखर सरळ आहे हे कसे ओळखायचे? दुसरी पट्टी लावून पाहावे, तर ती तरी सरळ कशावरून? यावर एक सुरेख युक्ती आहे. पट्टी कागदावर ठेवून तिच्या कडेने बारीक रेघ ओढा. आता पट्टी उताणी करा, म्हणजे तीच कड रेघेच्या दुसऱ्या बाजूने त्याच दोन टोकांशी जुळवा आणि पुन्हा रेघ ओढा. पट्टी सरळ असेल तर दोन्ही रेघा एकच होतील. कड अर्धा मिलिमीटर फुगलेली असेल तर दोन रेघांच्या मध्ये एक मिलिमीटरची फट दिसेल. म्हणजे चूक नुसती कळली नाही, तर दुप्पट मोठी होऊन कळली. तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर हा प्रयोग आजच करून पाहा. गुण्याचा काटकोनही असाच उलटवून तपासता येतो. ही उलटवण्याची युक्ती पुढे आपल्याला पुन्हा लागणार आहे.

आता दस्त्याची वरची कड नळीच्या रेषेपासून किती खाली आहे हे मोजायचे. नळीच्या वर हवेत पट्टी धरून मोजायला गेलात तर तिसरा हात लागेल. कारागीर सोपी गोष्ट करतात. ते रायफल उलटी करून सपाट टेबलावर ठेवतात. नळीची वरची बाजू टेबलाला टेकली की टेबलाचा पृष्ठभाग हीच नळीची रेषा झाली. दस्त्याची कड आणि टेबल यांच्या मध्ये जी फट राहते तेच हवे ते अंतर. तेथे ३८ मिलिमीटर हवे असतील तर लाकडाचे दोन ठोकळे करायचे, एक ३८ चा आणि दुसरा ३९ चा. सुरुवातीला कोणताच ठोकळा आत जात नाही. लाकूड घासत गेले की फट वाढते. ज्या क्षणी ३८ चा ठोकळा अलगद सरकतो आणि ३९ चा अडतो, त्या क्षणी कानस खाली ठेवायची.

मुठीच्या जाडीसाठी याच तत्त्वावर पत्र्यात दोन खाचा कापतात. समजा मूठ ४५ मिलिमीटर हवी. एक खाच ४५.५ मिलिमीटरची, दुसरी ४४.५ ची. पहिली खाच मुठीवरून गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. कारखान्यांतही हीच पद्धत आहे. तेथील गेज कडक पोलादाचे असते एवढाच फरक.

गेजला फसवणारा आकार

खाच चारी बाजूंनी फिरवून पाहिली आणि सगळीकडे ४५ मिलिमीटर जाडी आली, तर मूठ गोल झाली असे म्हणता येईल का? जरा थांबा. कंपास घ्या. ५ सेंटिमीटर बाजूचा समभुज त्रिकोण काढा. एका शिरोबिंदूवर कंपासचे टोक ठेवून उरलेल्या दोन बिंदूंना जोडणारा कंस काढा. तिन्ही शिरोबिंदूंवरून असेच करा. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण तयार होईल. जर्मन अभियंता फ्रान्झ रूलो याच्या नावाने तो ओळखला जातो. हा आकार जाड पुठ्ठ्यातून कापा आणि दुसऱ्या पुठ्ठ्यात ५ सेंटिमीटरची खाच कापून त्यात तो फिरवून पाहा. तो प्रत्येक दिशेने नेमका ५ सेंटिमीटर रुंद आहे! खाचेच्या मते हे वर्तुळच आहे.

मग दोरा गुंडाळून परीघ मोजावा? तोही फसतो. प्रत्येक कंस म्हणजे ५ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा सहावा हिस्सा. असे तीन कंस मिळून त्या वर्तुळाचा अर्धा परीघ, म्हणजे ५ गुणिले पाय. ५ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाचा परीघही तेवढाच! सर्व दिशांनी सारखीच रुंदी असलेल्या कोणत्याही आकाराचा परीघ तेवढ्या व्यासाच्या वर्तुळाइतकाच असतो, हे बार्बिए या फ्रेंच गणितज्ञाने १८६० साली सिद्ध केले. हाताने कानस मारताना मूठ नकळत तिधारी होण्याचा धोका खरोखरच असतो. डोळ्यांना ती गोल वाटते, खाच तिला पास करते, दोरा पास करतो. फक्त तळहात तक्रार करतो.

म्हणून जाडीच्या खाचेबरोबर आकाराचा फर्मा लागतो. फर्मा म्हणजे हव्या त्या वळणाची उलटी आकृती कापलेला पुठ्ठा किंवा पत्रा. तो लाकडावर आडवा टेकवायचा आणि पलीकडे दिवा धरायचा. जेथे फर्मा लाकडाला टेकलेला नाही तेथून उजेड येतो. केसाहून बारीक फटही उजेडात दिसते. उजेडाने फट कळते. पण काढायचे असते ते उंचवट्यावरचे लाकूड. त्यासाठी फर्म्याच्या कडेला काजळी फासतात आणि तो लाकडावर किंचित घासतात. उंचवट्यावर काळा डाग उमटतो. तेवढाच डाग कानसेने उतरवायचा आणि पुन्हा काजळी लावायची. नळीची खाच कोरतानाही नळीला काजळी लावून हेच करतात. काम सावकाश चालते, पण चुकत नाही.

अस्तित्वात असलेल्या वस्तूचे वळण फर्म्यावर कसे उतरवायचे? मऊ तार वस्तूभोवती दाबून वळवायची आणि कागदावर ठेवून रेघ मारायची, ही एक रीत. दुसरी रीत जास्त चांगली आहे आणि ती तुम्हांला फुकटात जमेल. जळून गेलेल्या उदबत्त्यांच्या शंभरेक काड्या जमवा. सारख्या लांबीच्या कापून दोन लाकडी पट्ट्यांच्या मध्ये एकीला एक लागून ओळीने ठेवा आणि पट्ट्या दोन्ही टोकांना दोऱ्याने आवळा. काड्या सरकल्या पाहिजेत, पण आपोआप घसरता कामा नयेत. ही चौकट कपावर, तांब्यावर किंवा स्वतःच्या नाकावर दाबा. काड्या मागे सरकतील आणि त्यांची टोके तेच वळण दाखवतील.

मूठ किंवा दस्त्याचा पुढचा भाग डावी-उजवीकडे सारखा असतो. तेथे फर्मा अर्धाच कापतात. डाव्या बाजूला बसला की उलटवून उजव्या बाजूला लावायचा. पूर्ण फर्मा कापला आणि तोच एका अंगाला चुकला असेल, तर लाकूडही तसेच चुकेल आणि उजेडात काहीच दिसणार नाही. अर्धा फर्मा असे होऊ देत नाही. मात्र गालाच्या बाजूला ही युक्ती चालत नाही. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्यासाठी गालाचा उंचवटा फक्त डाव्या अंगाला ठेवतात, आणि दस्त्याचे मागचे टोकही अनेकदा किंचित उजवीकडे झुकवतात. तेथे दोन्ही बाजूंचे फर्मे वेगळे. ते अदलाबदल झाले तर काय होईल हे सांगायला नकोच. म्हणून प्रत्येक फर्म्यावर जागा, बाजू आणि पुढची दिशा दाखवणारा बाण लिहितात.

किती फर्मे लागतात? पूर्ण लांबीवर दर सेंटिमीटरला एक, असे केले तर फर्मे कापण्यातच वर्ष जाईल. भूगोलाच्या पुस्तकातला समोच्चरेषांचा नकाशा आठवा. डोंगराच्या कड्याजवळ रेषा दाटीने येतात, पठारावर विरळ होतात. फर्म्यांचेही तसेच. मुठीजवळ वळण भराभर बदलते, तेथे दोन-दोन सेंटिमीटरवर फर्मा हवा. पुढचा भाग लांबच लांब सारखाच निमुळता होत जातो, तेथे दोन टोकांना एकेक फर्मा आणि मधे सरळ पट्टी पुरते.

सात, दहा, सात

आता मला सर्वांत आवडणारे गेज. ते मुळात जहाजाच्या डोलकाठ्या करणाऱ्यांचे. चौकोनी लाकूड गोल करायचे असेल तर थेट गोलाई घासू नये. आधी चौकोनाचे चार कोपरे उतरवून अष्टकोन करावा, मग सोळा बाजू, आणि मग काचकागद. पण नियमित अष्टकोन हवा तर कोपऱ्यापासून किती अंतरावर रेघ मारायची?

चौरसाची बाजू ब माना. प्रत्येक कोपऱ्यातून क एवढ्या दोन भुजांचा काटकोन त्रिकोण कापायचा. त्याचा कर्ण म्हणजे अष्टकोनाची तिरपी बाजू, ती पायथागोरसप्रमाणे क गुणिले १.४१४. चौरसाच्या बाजूवर मधे उरलेला तुकडाही तेवढाच हवा. म्हणून क अधिक १.४१४ क अधिक क बरोबर ब, म्हणजे ३.४१४ क बरोबर ब. यावरून क म्हणजे ब च्या ०.२९३ पट. बाजूचे २४ भाग केले तर ७, १० आणि ७ असे तुकडे पडतात. अगदी तंतोतंत नव्हे, पण लाकडाला पुरेसे जवळ. (२४ ला ०.२९३ ने गुणून पाहा.)

पण लाकूड निमुळते असेल तर रुंदी प्रत्येक ठिकाणी वेगळी. मग दर ठिकाणी गुणाकार करायचा का? नाही. एक लाकडी पट्टी घ्या. तिच्यात २४ सेंटिमीटर अंतरावर दोन बारीक चुका ठोका. त्यांच्यामध्ये, एका टोकापासून ७ आणि १७ सेंटिमीटरवर, दोन भोके पाडून पेन्सिलीचे तुकडे घट्ट बसवा. मोठ्या वाशासाठी हे माप झाले. हातोडीच्या दांड्यासाठी सेंटिमीटरऐवजी प्रत्येक भाग २ मिलिमीटरचा धरा. आता पट्टी लाकडावर तिरपी ठेवा, इतकी तिरपी की दोन्ही चुका लाकडाच्या दोन बाजूंना आतून टेकतील. या स्थितीत पट्टी लांबीच्या दिशेने ओढत न्या. लाकूड अरुंद होत जाईल तशी पट्टी जास्त तिरपी होत जाईल आणि दोन पेन्सिली आपोआप बरोबर प्रमाणात रेघा ओढत जातील. का? समांतर रेषांना छेदणाऱ्या तिरप्या रेषेवर तुकड्यांचे प्रमाण कायम राहते, हे प्रमेय तुम्ही शिकलेले आहात. पट्टी कितीही तिरपी झाली तरी तिन्ही तुकडे एकाच पटीत लहान होतात. एकच खबरदारी घ्या: चुका बारीक असाव्यात. जाड खिळ्याची स्वतःची जाडी तिरप्या स्थितीत हिशेब बिघडवते. माझ्या पहिल्या गेजला मी चांगले जाडजूड खिळे ठोकले होते. अष्टकोनाच्या चार बाजू रुंद आणि चार अरुंद आल्या, आणि कारण समजायला मला दोन दांडे खर्चावे लागले.

किती अचूक?

विद्यार्थ्यांचा एक आवडता गैरसमज असा की माप जितके बारीक तितके चांगले. लाकडाला हे मान्य नाही. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते, आणि त्याप्रमाणे फुगते व आक्रसते. तंतूंच्या दिशेने हा फरक नगण्य असतो, आडवा मात्र बराच. अक्रोडाच्या लाकडातील ओलावा चार टक्क्यांनी वाढला तर ५० मिलिमीटर जाडी सुमारे अर्ध्या मिलिमीटरने वाढू शकते. उन्हाळा आणि पावसाळा यांत एवढा फरक सहज पडतो. तेव्हा दस्त्याच्या बाह्य आकारासाठी शंभरांश मिलिमीटरचे गेज करणे म्हणजे भाजी सोनाराच्या काट्यावर तोलण्यासारखे आहे. नळी आणि लाकूड जेथे भिडतात तेथे मात्र काजळीच्या डागाइतकी बारकाई हवीच. पुठ्ठ्याचे फर्मेही पावसाळ्यात सैल पडतात. जपून ठेवायचे असतील तर पत्र्याचे करावेत.

चालता फर्मा

हे सारे हातकाम झाले. पण हजारो दस्ते हवे असतील तर? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे सरकारी शस्त्रशाळा होती. तेथे थॉमस ब्लँचर्ड या कल्पक माणसाने नळ्यांची बाहेरची बाजू कातणारे यंत्र बसवले. नळ्या करणाऱ्या कामगारांचे हातकाम आता जाणार हे दिसत होते. सांगतात की तेव्हा एक दस्ते करणारा कामगार म्हणाला, “माझे काम काही हा घेऊ शकत नाही; दस्ता लेथवर कातता येत नाही!” ब्लँचर्डने हे ऐकले आणि तो विचारात पडला. १८१९ साली त्याने ज्या यंत्राचे पेटंट घेतले ते नेमके दस्ते कातणारे होते.

त्याची कल्पना अशी. एक तयार नमुना आणि एक ओबडधोबड ओंडका दोन्ही एकाच वेगाने, एकाच वेळी सावकाश फिरतात. नमुन्यावर एक गुळगुळीत चाक टेकलेले असते. ओंडक्यावर तेवढ्याच आकाराचे, पण दाते असलेले, भराभर फिरणारे चाक असते. दोन्ही चाके एकाच चौकटीवर. नमुन्याचा उंचवटा आला की गुळगुळीत चाक बाहेर ढकलले जाते, त्याबरोबर कापणारे चाकही तेवढेच बाहेर येते. खोलगट भाग आला की दोन्ही आत जातात. म्हणजे हा फर्माच झाला, फक्त तो लाकूड तपासत नाही, कापणाऱ्या हत्याराला हुकूम देतो. दोन्ही चाके सारख्याच आकाराची का हवीत, याचा विचार करा. आणि चाक शिरणार नाही इतकी अरुंद खोबण नमुन्यावर असेल तर काय होईल, याचाही. बाजारात किल्ल्या करून देणारा माणूस पाहिला आहे ना? एक किल्ली चाचपायची आणि दुसरी कापायची, ही त्याच्या यंत्राची रीत ब्लँचर्डचीच. १८२०-३० च्या दशकातला असा एक लेथ स्प्रिंगफील्डच्या संग्रहालयात अजून आहे. त्या कामगाराचे पुढे काय झाले ते इतिहासाने नोंदलेले नाही. पण दस्ते हाताने घडवणाऱ्यांचे कौशल्य शस्त्रशाळेत पूर्वीइतके लागेनासे झाले, हे खरे.

त्याच काळात हार्पर्स फेरी येथे जॉन हॉल हा आपल्या रायफलीचे सुटे भाग असे करू पाहत होता, की कोणताही भाग कोणत्याही रायफलीला बसावा. त्यासाठी त्याने ६३ गेजेस वापरली. पण रोजच्या वापराने गेजही झिजते! मग त्याने वेगवेगळे संच ठेवले: एक कामगाराच्या हातात, एक तपासनिसाकडे, आणि एक मूळ संच, ज्याच्याशी बाकीचे ताडून पाहायचे. १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात अमेरिकन रायफलींचे भाग अदलाबदल करून बसवलेले पाहून इंग्रज चकित झाले, आणि काही वर्षांतच दस्ते करणारी अमेरिकन यंत्रे एनफील्डच्या कारखान्यात आली.

मूळ संच वेगळा का ठेवायचा, हे आगकाड्यांनी पटवून घेता येते. एक काडी घ्या. तिच्या मापाने दुसरी कापा, दुसरीच्या मापाने तिसरी, अशा वीस काड्या. विसावी काडी पहिलीशेजारी ठेवा. आता पुन्हा वीस काड्या कापा, पण दर वेळी पहिलीच काडी मापाला धरून.

हातोडीचा दांडा

शस्त्राचा कोणताही भाग करायला किंवा दुरुस्त करायला आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो, तेव्हा आपण हातोडीचा दांडा घेऊ. भूमिती तीच आहे. घरातला किंवा शाळेच्या कार्यानुभवाच्या खोलीतला हाताला चांगला बसणारा दांडा निवडा. त्याच्या लांबीवर मधली रेघ मारा. वळण बदलते त्या पाच-सहा जागा ठरवा. उदबत्तीच्या काड्यांच्या चौकटीने प्रत्येक जागेचे वळण घ्या आणि पुठ्ठ्याचे फर्मे कापा. बाजूने दिसणाऱ्या आकाराचा एक लांब फर्मा, मुठीसाठी दोन खाचांचे गेज, आणि ७-१०-७ ची पट्टी एवढे करा. प्रत्येकावर टोकापासूनचे अंतर लिहायला विसरू नका.

मग मूळ दांडा कपाटात कुलूप लावून ठेवा आणि फर्मे वर्गातल्या अशा मित्राला किंवा मैत्रिणीला द्या, ज्याने किंवा जिने तो दांडा पाहिलेलाच नाही. लाकूड सागवानाचे किंवा बाभळीचे, चांगले वाळलेले घ्या. धार नेहमी शरीरापासून दूर चालवा आणि लाकूड शिकंजात पकडूनच घासा. नवा दांडा तयार झाला की दोन्ही दांडे डोळे मिटून हातात घ्या. फरक जाणवला तर तो नेमका कुठे आहे हे बोटांनी चाचपा, तेथे खूण करा आणि त्या जागेचा आणखी एक फर्मा कापा.